भिंतीवरचे चित्र आणि भिंतीची मालकी

दिवस कलू लागला की बर्लिनच्या क्रॉइत्सबर्ग भागातील रेल्वे स्थानकांपाशी परदेशी पाहुण्यांचे घोळके जमू लागतात. एखादा तरुण वाटाड्या त्यांना एकत्र करतो आणि रस्त्यावरची चित्रे व बार दाखविणारी सायंकाळची फेरी सुरू होते. एका उंच इमारतीच्या बिनखिडक्यांच्या भिंतीवर व्हिक्टर अ‍ॅश या चित्रकाराने २००७ मध्ये काळ्या रंगात रेखाटलेला प्रचंड अंतराळवीर पाहून सारे थबकतात. ओबरबाउम पुलाजवळ ब्लू या टोपणनावाच्या इटालियन चित्रकाराने रंगविलेला, असंख्य उघड्या मानवदेहांनी बनलेला गुलाबी राक्षस हा फेरीतला आणखी एक मुक्काम. मधूनमधून एखाद्या बारमध्ये बिअरचे पेले पुढे येतात. या भागात पूर्वी बंडखोर राहत, रिकाम्या घरांचा ताबा घेत, पोलिसांशी झुंजत, असे वाटाड्या रंगवून सांगतो. पाहुणे माना डोलावतात, छायाचित्रे काढतात आणि पुढच्या बारकडे वळतात.

यात वाईट ते काय, असे कोणीही विचारील. चित्र रस्त्यावर आहे, ते पाहण्यास तिकीट लागत नाही. कला संग्रहालयाच्या कुलुपातून सुटून जनतेत आली. पाहुण्यांच्या खर्चातून वस्तीतल्या चार माणसांची चूल पेटते. हा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड आहे आणि तो केवळ पर्यटनाचे व्यापारीच करतात असे नाही. पुरोगामी म्हणविणारी मंडळीही ‘लोकांची कला’ म्हणून या भिंतींचे गोडवे गातात. परंतु या साऱ्या कौतुकात एक प्रश्न सहसा निघत नाही. चित्र लोकांचे आहे हे मान्य. पण भिंत कोणाची आहे? या प्रश्नाचे उत्तर टाळून केलेले लोककलेचे कौतुक म्हणजे घरमालकाच्या मालमत्तेची फुकट जाहिरात होय.

क्रॉइत्सबर्गच्या भिंतींवर चित्रे आली, ती तेथे चित्रकार अधिक जन्मले म्हणून नव्हे. ऑगस्ट १९६१ मध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली, तेव्हा या भागाचा पूर्वेकडील हिस्सा तीन बाजूंनी तिच्या कवेत सापडला. शहराचा मध्य एका रात्रीत शहराचा कोपरा बनला. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगारभरतीचा करार केला. कारखान्यांना हात हवे होते. त्या हातांमागच्या माणसांनी राहायचे कोठे, याचा विचार करारात नव्हता. पाडण्यासाठी नोंदविलेली जुनी, कोळशाच्या शेगडीवर ऊब धरणारी घरे त्यांच्या वाट्याला आली. नगररचनाकारांना ही घरे जमीनदोस्त करून रुंद रस्ते व नव्या वसाहती हव्या होत्या, म्हणून मालक डागडुजी करीत नसत आणि अनेक घरे मुद्दाम रिकामी ठेवीत.

या रिकाम्या घरांत विद्यार्थी, शिकाऊ कामगार आणि बेकार तरुण शिरले. १९८१ मध्ये पश्चिम बर्लिनमध्ये अशा ताब्यातील घरांची संख्या दीडशेच्या पुढे गेली होती. ताबा घेणारे नुसत्या घोषणा देत बसले नाहीत. त्यांनी छपरे शाकारली, नळ बसविले, भिंतींना गिलावा केला. दुरुस्ती आणि ताबा या दोन क्रियांचा जोडशब्दच त्या काळी जर्मन भाषेत रूढ झाला. या रेट्यामुळेच १९८३ मध्ये शहराच्या विधिमंडळाने रहिवाशांना न उठविता घरे सुधारण्याच्या बारा तत्त्वांना मान्यता दिली. भिंतींवरची अक्षरे आणि चित्रे ही या लढ्याची फलके होती. ज्याच्यापाशी वृत्तपत्र नाही, त्याने भिंतीला वृत्तपत्र केले. आज फेरीत जे ‘वातावरण’ म्हणून विकले जाते, ते भाडेकरूंनी लढून राखलेले घर आहे.

मग हे घर बाजारात कोणी मांडले? येथे केवळ उजव्यांकडे बोट दाखवून सुटका होत नाही. बँकेच्या घोटाळ्याने कर्जात रुतलेल्या बर्लिनचा कारभार २००२ पासून सोशल डेमोक्रॅट आणि लोकशाही समाजवादी पक्ष यांच्या आघाडीच्या हाती होता. या डाव्या आघाडीने २००४ मध्ये ‘जीएसडब्ल्यू’ ही सार्वजनिक गृहसंस्था तिच्या सुमारे ६५ हजार सदनिकांसह गुंतवणूक निधींना ४० कोटी ५० लाख युरोंस विकली. संस्थेवरील कर्जाचा भार खरेदीदारांनी घेतला हे खरे. पण २०१९ मध्ये, एकेकाळी याच संस्थेची असलेली सुमारे सहा हजार घरे शहराच्या मालकीच्या दुसऱ्या गृहसंस्थेने परत घेतली, तेव्हा ९२ कोटी युरो मोजावे लागले. घरे एकदशांशाहून कमी आणि किंमत दुपटीहून अधिक. कर्ज हिशेबात धरले तरी हा व्यवहार कोणत्या शहाणपणात बसतो? तिजोरी भरण्यासाठी लोकांचे घर विकायचे आणि पुढे लोकांच्याच पैशाने त्याचा तुकडा विकत घ्यायचा, याला आर्थिक शिस्त असे नाव होते.

त्याच सुमारास बर्लिन गरीब असले तरी मोहक आहे, असे शहराचे सोशल डेमोक्रॅट महापौर क्लाउस वोवेराइट अभिमानाने सांगत होते. गरिबीला मोहक म्हटले की तिच्यावर उपाय करण्याची गरज उरत नाही. तिचे पाहुण्यांना दर्शन घडविले की काम भागते.

या व्यवहारात चित्राचे काय होते, हे ब्लूच्याच दुसऱ्या कामावरून दिसते. कुव्री रस्त्यावरील मोकळ्या जागेला लागून असलेल्या दोन भिंतींवर त्याने २००७-०८ मध्ये भव्य चित्रे काढली होती. एका चित्रात गळ्यातील टाय सावरणारा मस्तकहीन माणूस होता. त्याच्या दोन्ही मनगटांवरची सोन्याची घड्याळे साखळीने जोडलेली होती, म्हणजे बेड्याच त्या. संपत्तीच्या दास्यावर इतके कठोर भाष्य करणारे हे चित्र पर्यटकांचे आवडते ठरले. त्याच जागेवर झोपड्या घालून राहणाऱ्या निराश्रितांना मात्र सप्टेंबर २०१४ मध्ये आगीनंतर हटविण्यात आले. तेथे बांधकामाचे बेत होते आणि शेजारच्या चित्राची कीर्ती त्या जमिनीचे मोल वाढवीत होती. डिसेंबर २०१४ मध्ये एका रात्री चित्रकाराच्या संमतीने दोन्ही चित्रे काळ्या रंगाने पुसून टाकण्यात आली.

कलाप्रेमी हळहळले. परंतु त्या काळ्या भिंतीने जे सांगितले, ते दहा व्याख्यानांनी सांगता आले नसते. चित्रकाराने आपली कृती मारली, कारण ती जिवंत राहून दलालाची चाकरी करू लागली होती. ज्या चित्राने बेड्यांचा धिक्कार केला, त्याच चित्राने भाडेकरूच्या हाती बेड्या घालाव्यात, हे त्याला सोसवले नाही. हा निषेध थोर खरा, पण तो पराभवाच्या जागेवरून केलेला निषेध होता. पुसण्याचा अधिकार तेवढा चित्रकाराच्या हाती राहिला. जमिनीचा निर्णय त्याच्याही हाती नव्हता आणि वस्तीच्याही नव्हता.

आता बारविषयी. दारूच्या अड्ड्यांचा कळवळा समाजवाद्यांना कशासाठी, असा प्रश्न महाराष्ट्रातील कार्यकर्त्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे ज्याने पाहिली आहेत, त्याला हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे. त्याचे उत्तर जर्मनीच्या इतिहासात शोधावे लागते. १८७८ ते १८९० या काळात समाजवाद्यांविरुद्धच्या विशेष कायद्याने पक्षाच्या सभा, संघटना आणि वृत्तपत्रे बंद केली, तेव्हा कामगार आपापल्या मोहल्ल्यातील बारच्या मागच्या खोलीत भेटत. याच अनुभवावरून कार्ल कौट्स्कीने दारूबंदीवाद्यांशी वाद घालताना, कामगाराच्या राजकीय स्वातंत्र्याचा अखेरचा आधार म्हणजे ही बैठकीची जागा होय, अशा आशयाचे प्रतिपादन केले. त्याचा भर पेल्यावर नव्हता, मालकाच्या व पोलिसाच्या नजरेआड चार कामगारांना बसता येईल अशा बाकावर होता.

असा एक बाक नॉयकोल्न भागात ‘झिंडिकाट’ या नावाने १९८५ पासून चालत होता. तो कोणा एका मालकाचा नव्हता. काम करणाऱ्यांचे मंडळच तो चालवी. भाडेकरूंच्या बैठका तेथे होत. करार संपविल्याची नोटीस आली, तेव्हा आपला खरा घरमालक कोण याचा शोध त्या मंडळाला घ्यावा लागला. माग लक्झेंबर्गमधील एका टपालपेटीपर्यंत आणि तेथून लंडनमधील धनाढ्य कुटुंबापर्यंत गेला. ७ ऑगस्ट २०२० रोजी प्रचंड पोलिस बंदोबस्तात ती जागा रिकामी करण्यात आली. पुढील वर्षी मार्चमध्ये क्रॉइत्सबर्गमधील ‘मॉयटेराय’ या बारचीही हीच गत झाली. जर्मन कायद्यात राहत्या घराच्या भाडेकरूस बरेच संरक्षण आहे. दुकान वा बार यांच्या भाड्यावर मर्यादा नाही आणि करार संपला की आसरा नाही. म्हणून वस्तीतील बैठकीची जागा आधी पडते आणि घर मागाहून पडते. एकत्र बसण्याची जागा गेलेल्या भाडेकरूंना एकेकटे उठविणे सोपे जाते.

फेरीतल्या पाहुण्याला बार दिसतोच, पण तो कोणता? जेथे शेजारी बसतो तो की जेथे शेजाऱ्याची आठवण भिंतीवर टांगून पेल्याचा दर वाढविला आहे तो? दुसऱ्या जातीचा बार पहिल्याची मढी विकून जगतो.

अशा वेळी डाव्यांच्या काही गटांना पाहुण्यांवर राग काढण्याचा मोह होतो. २०११ मध्ये क्रॉइत्सबर्गमध्ये पर्यटकांच्या लोंढ्याविषयी जाहीर सभा झाली, तेव्हापासून हा सूर वाढत गेला. हा सूर समाजवाद्यास शोभत नाही. रजा घेऊन परक्या शहराची भिंत पाहणारा माणूस बहुधा स्वतःच्या शहरात भाडेकरूच असतो. वाटाड्याचे तर विचारूच नये. ‘फुकट’ म्हणून जाहिरात होणाऱ्या अनेक फेऱ्यांत त्याला ठरावीक पगार नसतो. पाहुण्यांच्या बक्षिसीवर त्याची संध्याकाळ अवलंबून असते. रात्री उशिरापर्यंत बंडाच्या गोष्टी सांगणारा हा तरुण स्वतः असंघटित कामगार आहे. त्याच्यावर खेकसून घरभाडे एका पैशानेही उतरणार नाही. बाहेरच्या माणसाचा द्वेष हे तर ज्या वस्तीने तुर्की कामगारांना आपले म्हटले, तिच्या इतिहासाचेच खंडन आहे.

दुसरा मोह भाडे तेवढे रोखून धरण्याचा. बर्लिनने फेब्रुवारी २०२० मध्ये भाड्यावर मर्यादा घालणारा कायदा आणला. एप्रिल २०२१ मध्ये घटनात्मक न्यायालयाने तो शहराच्या अधिकाराबाहेरचा ठरवून रद्द केला. जनतेने त्यापुढचे पाऊल टाकले. २६ सप्टेंबर २०२१ रोजी झालेल्या जनमत कौलात, तीन हजारांहून अधिक सदनिका बाळगणाऱ्या खासगी कंपन्यांची घरे मोबदला देऊन समाजाच्या मालकीची करावीत, या मागणीस दहा लाखांहून अधिक बर्लिनकरांनी होकार दिला. ही मागणी आकाशातून पडलेली नव्हती. जमीन व उत्पादनाची साधने मोबदल्यासह समाजाच्या मालकीची करता येतील, असे जर्मन मूलभूत कायद्याचे पंधरावे कलम १९४९ पासून सांगत आले आहे. जून २०२३ मध्ये तज्ज्ञ समितीनेही हा मार्ग कायद्याने खुला असल्याचा निर्वाळा दिला. तरीही तोवर एकाही घराची मालकी बदललेली नव्हती. कौल जनतेने दिला, कलम घटनेत होते, निर्वाळा तज्ज्ञांनी दिला. कमतरता होती ती केवळ सत्तेवरील पक्षांच्या धैर्याची.

मुंबईतील गिरणगावाच्या कार्यकर्त्यास ही कथा परकी वाटू नये. जानेवारी १९८२ चा संप मोडल्यानंतर गिरण्यांच्या जमिनीचा प्रश्न उभा राहिला. १९९१ च्या नियमाने त्या जमिनीचा मोठा हिस्सा मोकळ्या जागांसाठी व सार्वजनिक घरांसाठी मिळावयाचा होता; २००१ च्या दुरुस्तीने तो केवळ मोकळ्या पडलेल्या तुकड्यापुरता आकसला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ही दुरुस्ती टिकली. जेथे साचे चालत, तेथे बार आले. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारातील बारना लागलेल्या आगीत १४ माणसे मेली. जुन्या चिमण्या शोभेसाठी राखल्या जातात. त्या चिमणीखाली घाम गाळणाऱ्याचे नाव सोडतीच्या यादीत वाट पाहते. उद्या तिच्या भिंतीवर गिरणी कामगाराचे सुंदर चित्र कोणी रंगविले, तर कार्यकर्त्यांनी टाळ्या वाजविण्यापूर्वी सातबाऱ्यावर नाव कोणाचे आहे ते पाहावे.

समाजवाद्यांचे चित्राशी वैर नाही. भिंतीवर रंग उमटावा, संध्याकाळी माणसे रस्त्यावर हिंडावीत, बाकावर बसून वाद घालावेत, पाहुण्याने यावे आणि त्याला हसतमुखाने वस्ती दाखवावी, असेच शहर समाजवादाला हवे आहे. पण ते शहर फेरीच्या तिकिटावर मिळत नाही. क्रॉइत्सबर्गच्या भाडेकरूंनी १९८१ मध्ये हाती थापी घेतली आणि २०२१ मध्ये मतपत्रिका घेतली. दोन्ही वेळा त्यांनी मालकीचाच प्रश्न विचारला. ज्या पक्षांनी त्यांची घरे विकली, त्यांनी भिंतीवरच्या चित्रांची स्तुती करून ते पाप फेडता येणार नाही. घर परत करावे, चित्राची काळजी घरातली माणसे घेतील.