वेगळा धंदा करायचाय? आधी नायॉनचं गणित बघा

भावाच्या दुकानातून रागात बाहेर पडायचं आणि थेट मोठा गाळा घ्यायचा, हे जळगाव-धुळ्यात मी खूप पाहिलंय. मला पटत नाही. गाळाही जातो, भावाशी बोलणंही.

कोरियाच्या ट्वाइस ग्रुपमधली नायॉन बघा. २०१५ पासून नऊ जणींत गायली. जून २०२२ मध्ये स्वतःच्या नावाचा पहिला मिनी अल्बम काढला, फक्त ७ गाण्यांचा. तो अमेरिकेच्या बिलबोर्ड २०० यादीत ७व्या नंबरवर पोहोचला. ग्रुप मात्र सोडला नाही. ऑगस्टमध्ये ट्वाइसचा नवा अल्बम आला, त्यातही ती होतीच.

तुम्हीही भावाला सांगून त्याच दुकानात एक कप्पा स्वतःच्या मालाचा लावा. हिशोबाची वही वेगळी ठेवा. गिऱ्हाईक तुमचं नाव घेऊन मागायला लागलं, की मगच गाळ्याचं डिपॉझिट भरा.