डोक्याला मार आणि रिपोर्टातली साखर



पिंपळगाव राजाहून खामगावला जाताना कुणाची मोटारसायकल घसरली, पोरगा डोक्यावर आपटला, अशी बातमी आली की निम्मा मोहल्ला दवाखान्यात धावतो. सीटी स्कॅन होतो, पोरगा अतिदक्षता विभागात जातो आणि बाहेर बसलेल्यांच्या कानावर येते : रक्तातली साखर 260! मग एकच गलका होतो. आई म्हणते, माझ्या लेकराला शुगर कधीच नव्हती. मामा म्हणतो, सलाईनमधून ग्लुकोज दिले म्हणून वाढली. सासरची माणसे म्हणतात, लग्नाच्या वेळी आजार लपवला. पोरगा बेशुद्ध आणि बाहेर भांडण!

आमचे सांगणे असे की, आधी ही साखर कुठून आली ते समजून घ्यावे.

शरीरावर मोठा घाला आला की मेंदू धोक्याचा इशारा देतो. ॲड्रिनॅलिन, कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात उसळतात. यकृत म्हणजे शरीराची कणगी. तिथे साठवलेली साखर या संप्रेरकांच्या हुकमाने रक्तात ओतली जाते, आणि त्याच वेळी इन्शुलिनचा जोर कमी पडतो. म्हणून ज्याला मधुमेह नाही त्याचीही साखर काही तासांत दोनशेच्या वर जाऊ शकते. ही गोष्ट नवी नाही. फ्रान्सचे शास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी 1849 साली सशाच्या मेंदूच्या तळाशी सुईने टोचले, तेव्हा मेंदूला झालेल्या त्या इजेने सशाच्या लघवीत साखर उतरली होती.

मग ही साखर घातक आहे काय? मेंदूचे वजन शरीराच्या केवळ 2 टक्के, पण शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे 20 टक्के तो एकटा खातो. साखर हेच त्याचे मुख्य अन्न. परंतु जखमी भागाला प्राणवायू पुरत नसेल तर तीच साखर अर्धवट जळते, आम्ल साचते आणि इजा वाढते. शिवाय साखर फार चढली तर लघवीवाटे पाणी निघून जाते, जंतुसंसर्गाची भीती वाढते. डोक्याला जबर मार लागलेल्या ज्या रुग्णांची साखर सुरुवातीपासून जास्त असते, त्यांच्यात मृत्यूचे व अपंगत्वाचे प्रमाण जास्त आढळते. मात्र मार जितका मोठा तितकी साखर जास्त, असाही त्याचा अर्थ असतो. तेव्हा साखरेचा आकडा हा काही अंशी मार किती मोठा आहे याचे मापच आहे.

यावर कुणी म्हणेल, मग इन्शुलिन देऊन ती लगेच शंभरावर का आणत नाहीत? याचे उत्तर एका मोठ्या अभ्यासाने दिले. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अतिदक्षता विभागातील नाना आजारांचे सहा हजारांवर रुग्ण होते. निम्म्यांची साखर 81 ते 108 मध्ये कडकपणे ठेवली, उरलेल्यांची 180 किंवा त्याखाली. 90 दिवसांत कडक गटातील 27.5 टक्के रुग्ण दगावले, दुसऱ्या गटातील 24.9 टक्के. साखर धोकादायक रीतीने खाली जाण्याचे प्रकार कडक गटात कितीतरी जास्त घडले. जखमी मेंदूचे अन्न तुटले तर तो अधिकच मरतो. म्हणून डॉक्टर साखर साधारणपणे 180 च्या आसपास किंवा त्याखाली आणतात, पण फार खाली जाऊ देत नाहीत, आणि त्यासाठी वारंवार बोट टोचून तपासतात. आकडा 160 दिसला म्हणून डॉक्टरांशी हुज्जत घालू नये.

आता नातेवाइकांनी काय करावे?

बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखरपाणी, ग्लुकोज, चहा काहीही घालू नये. ते श्वासनळीत जाते. 108 ला फोन करावा. आपल्या राज्यात ही सेवा 2014 पासून आहे.

जखमीला आधीच मधुमेह असेल तर त्याच्या गोळ्यांची पाकिटे, इन्शुलिनची बाटली सोबत न्यावी. साखर एकदम उतरल्यामुळेच तो गाडीवरून पडला असेल, हेही शक्य आहे. आणि तोंडाला दारूचा वास आला म्हणून 'झोपू द्या, उतरेल' असे कुणी म्हणू नये. नशा, उतरलेली साखर आणि मेंदूतला रक्तस्राव, तिन्ही वरून सारखेच दिसतात.

'ताकदीसाठी ग्लुकोजची बाटली लावा' असा आग्रह धरू नये. त्यातली साखर शरीर वापरून टाकते, मागे नुसते पाणी उरते आणि मेंदूची सूज वाढू शकते. साखर खरोखरच उतरली असेल तर डॉक्टर ग्लुकोज स्वतःच देतात.

मधुमेह जुना की मारामुळे चढलेली साखर, हे जाणण्यासाठी एचबीएवनसी नावाची तपासणी असते. ती मागच्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगते. साडेसहा टक्के किंवा जास्त असेल तर मधुमेह आधीपासून असण्याचा संभव मोठा. मात्र फार रक्त गेले असेल, किंवा बाहेरचे रक्त दिले असेल, तर हा आकडा फसवू शकतो.

शेवटचे, आणि आमच्या मते सर्वात महत्त्वाचे. घरी आल्यावर दोन प्रकारची माणसे आढळतात. एक जण दवाखान्यातल्या त्या एका आकड्यावरून पोराला जन्माचा शुगरवाला ठरवतो, सोयरिकी मोडतो. दुसरा म्हणतो, ती माराची साखर होती, संपली. आणि पुन्हा तपासतच नाही. दोघेही चुकतात. पोरगा बरा झाल्यावर, साधारण तीन महिन्यांनी, उपाशीपोटी साखर व एचबीएवनसी पुन्हा तपासून घ्यावी. बऱ्याच जणांची साखर तोवर जागेवर आलेली असते. काहींचा दडलेला मधुमेह या निमित्ताने सापडतो आणि वेळेवर उपचार सुरू होतात. जी तपासणी अजून व्हायचीच आहे तिचा निकाल सासरच्यांनी, माहेरच्यांनी वा गावाने आधीच देऊ नये.