बाटलीवर नाव कुणाचं?

नाशिककराने सोलापूर जिल्ह्यातल्या वाईनचं कौतुक करायचं म्हणजे कोल्हापूरकराने पुण्याच्या मिसळीला दाद देण्यासारखं आहे. तरी करतो. भारतात बनलेल्या ज्या काही रेड वाईन मी आजवर प्यायलोय, त्यात मला सगळ्यात आवडलेली 'सेत्ते', आणि ती येते अकलूजहून. (मला त्यातलं फार कळतं अशातला भाग नाही. पण दिवसभर कोड लिहीत असलो तरी सुट्ट्या मामाच्या द्राक्षबागेत गेल्यात, त्यामुळे द्राक्ष म्हटलं की मत असतंच. ज्यांना हा विषयच नको आहे त्यांनी आजचा शनिवार सोडून द्यावा, राग नाही.)

तर सेत्ते. इटालियनमध्ये सेत्ते म्हणजे सात आणि फ्रातेल्ली म्हणजे भाऊ. फ्लॉरेन्सचे सेची बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू, अकलूजचे मोहिते-पाटील बंधू आणि टस्कनीतला वाईनमेकर पिएरो मासी, अशी ही मोट. २००७ च्या सुमारास उसाच्या पट्ट्यात त्यांनी युरोपातून आणलेली रोपं लावली आणि त्यात सांजोवेझे होतं. सांजोवेझे म्हणजे टस्कनीचं घरचं द्राक्ष, कियांती वाईन त्याचीच बनते. सेत्तेत ते काबर्ने सोव्हिन्यों या फ्रेंच द्राक्षाबरोबर येतं. चव सांगायची तर करवंदासारखा आंबटपणा आणि मागून जांभळाचा तुरटपणा. हा तुरटपणा सालीतला आणि बियांतला. पांढऱ्या वाईनसाठी रस लगेच वेगळा काढतात. लाल वाईनचा रस सालींसकट आंबवतात, म्हणून रंगही येतो आणि जीभही थोडी खरखरते. मिरचीबरोबर पिऊ नका, तुरट वाईनने तिखट आणखी भडकतं. वांग्याच्या भरताबरोबर मात्र बहार. आणि 'रूम टेंपरेचरला प्यावी' हे वाक्य नाशकात एप्रिल महिन्यात विसरून जा, अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा.

असो. सांगायचा मुद्दा वेगळाच आहे.

इटालियन वाईन म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर एक चित्र येतं. टेकडीवर दगडी घर, खाली तळघरात ओकची पिंपं, आजोबा, मुलगा, नातू, सगळ्यांचं एकच आडनाव आणि तेच बाटलीवर. चित्र अगदीच खोटं नाही. फ्लॉरेन्सच्या अँतिनोरी घराण्याची नोंद १३८५ पासूनची, सव्वीस पिढ्या झाल्या. १९७० च्या दशकात त्यांनीच 'तिन्यानेल्लो' काढली, सांजोवेझेत काबर्ने घातलं आणि कियांतीच्या नियमाने घालावी लागणारी पांढरी द्राक्षं वगळली. नियम मोडला म्हणून ती साधी 'टेबल वाईन' म्हणून विकावी लागली आणि पुढे कियांतीपेक्षा महाग झाली. सेत्ते त्याच वाटेवरची.

पण हे चित्र अर्धंच आहे. एक म्हणजे टस्कनीत या घराण्यांच्या जमिनी कसणारी कुळं वेगळी होती. निम्म्या वाट्याने कसायची, निम्मा माल मालकाला. ही पद्धत मोडीत काढणारा कायदा १९६४ चा, म्हणजे आपल्या कुळकायद्याच्याही नंतरचा! दुसरं, १९८६ मध्ये इटलीत स्वस्त वाईनमध्ये मिथेनॉलची भेसळ होऊन वीसहून जास्त माणसं मेली. आज आपण ज्या इटालियन दर्जाचं कौतुक करतो त्यातला बराचसा त्या धक्क्यानंतरचा आहे. आणि अँतिनोरींनाही १९८० च्या दशकात घरातल्या वाटणीपायी मोठा हिस्सा एका ब्रिटिश कंपनीला विकावा लागला होता. तो पुढे परत विकत घेतला म्हणून आज पुन्हा 'घराणं'.

आता नाशिक. आपली गोष्ट आमच्या धंद्यातल्याच माणसाने सुरू केली, हे मला उगाचच आवडतं. राजीव सामंत स्टॅनफर्डला शिकले, कॅलिफोर्नियात ओरॅकलमध्ये नोकरी केली, परत येऊन गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीवर आधी आंबा, गुलाब वगैरे करून पाहिलं आणि १९९७ मध्ये वाईनची द्राक्षं लावली. सुला हे नाव आईच्या सुलभा या नावावरून. २००० मध्ये पहिली वाईन आली, २००१ मध्ये राज्य सरकारचं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आलं, उत्पादन शुल्कात सवलत मिळाली, विंचूरला वाईन पार्क झालं. मग काय, ज्याच्याकडे चार एकर बाग त्याला वायनरीची स्वप्नं. आमच्याकडे लग्नात जेवणाच्या पंगतीत टाक्यांचे लिटर मोजले जायचे.

मामाने स्वतः वायनरी नाही काढली, पण निफाड तालुक्यातल्या आपल्या बागेत दोन एकर शिराज लावलं, एका वायनरीशी करार करून. पहिली तीनेक वर्षं बरी गेली. २००८ च्या शेवटी जगभरात मंदी, मुंबईत २६/११, हॉटेलं रिकामी. २००९ च्या हंगामात माल तयार झाला तेव्हा वायनरीचा फोन, "आठ दिवस थांबा." मग आणखी आठ दिवस. साखर चढत गेली, मणी सुकायला लागले, गाडी काही आली नाही. त्याआधीच्या वर्षाचे निम्मे पैसे बाकी होते ते होतेच.

बाहेरच्या माणसाला यातली ग्यानबाची मेख कळत नाही. थॉम्सन किंवा सोनाका असेल तर एक व्यापारी नाही तर दुसरा, अगदीच झालं तर बेदाणा. वाईनचं द्राक्ष छोटं, जाड सालीचं, बियांचं. मामा म्हणाला, "अरे, हे बाजारात नेलं तर बाया विचारतील, करवंदं कशी दिली?" आमच्याकडे एकाच क्लायंटवर कंपनी चालवणाऱ्याला आम्ही वेड्यात काढतो. इथे शेतकऱ्याला सरकारी धोरणाने, बँकेने, सगळ्यांनी मिळून त्याच खुर्चीत बसवलं होतं. २०१० च्या खरड छाटणीला मामाने कात्री नाही लावली, जेसीबी लावला. तालुक्यात असे बरेच होते.

ज्यांनी वायनऱ्या काढल्या त्यांचंही काही वेगळं झालं नाही. त्यात रेडची मेख आणखी खोल. शेनिन ब्लांसारखी पांढरी वाईन काही महिन्यांत बाटलीत जाते, पैसे फिरतात. चांगली रेड पिंपात वर्ष-दीड वर्ष बसते, मग बाटलीत. तोवर बँकेचं व्याज थांबत नाही. इटलीतल्या घराला जमीन, तळघर, पिंपं आजोबांकडून मिळालेली असतात, इथे सगळंच हप्त्यावर. त्यात प्रत्येक राज्यात लेबलची वेगळी नोंदणी, वेगळी फी. महिन्याला हजार पेट्या विकणाऱ्याला ती परवडते, वर्षाला हजार पेट्या करणाऱ्याला नाही. नावाजलेली, एका कुटुंबाने उभी केलेली यॉर्कसुद्धा २०२१ मध्ये सुलाकडे गेली, आणि सुला डिसेंबर २०२२ मध्ये शेअर बाजारात आली. मला यात कुणाला व्हिलन ठरवायचं नाहीये. सुला नसती तर आज करारावर द्राक्षं घालणाऱ्या शेतकऱ्यांना तोही ग्राहक नसता. पण एका बाटलीत किलो-सव्वा किलो द्राक्षं जातात आणि ती कुणी पिकवली हे बाटलीवर सापडत नाही. 'नाशिक व्हॅली वाईन'ला जीआय मिळालाय, त्याने गावाचं नाव राखलं जातं, शेतकऱ्याचं नाही.

म्हणून मला वाटतं की आपण इटलीतलं चुकीचं घराणं बघतोय. बघायचं असेल तर बार्बारेस्को बघा. पिएमाँत भागातलं खेडं, नेब्बिओलो नावाचं लाल द्राक्ष, तुकड्या-तुकड्यांची शेती. छोटे बागाईतदार दलालाला माल विकून गरीबच राहत होते. १९५८ मध्ये तिथल्या पाद्र्याने एकोणीस जणांना गोळा करून सोसायटी काढली आणि पहिले तीन हंगाम वाईन चर्चच्या तळघरात बनवली. आज पन्नासेक कुटुंबं आहेत. नेब्बिओलो सगळं सोसायटीलाच घालायचं, पैसे द्राक्षाच्या प्रतीवर, नुसत्या टनावर नाही. हंगाम बरा नसेल तर वेगवेगळ्या मळ्यांची खास वाईन काढतच नाहीत, सगळं एकत्र करून एकच वाईन. आणि हंगाम चांगला असेल तर त्या त्या मळ्याच्या बाटलीवर मळ्याच्या मालकांची नावं छापतात. इटलीतली निम्म्याच्या आसपास वाईन सहकारी तळघरांतून येते, जाहिरातीत फक्त दगडी घर दिसतं, एवढंच.

सहकार म्हटलं की मित्र हसतात. साखर कारखान्यांचं काय झालं ते मलाही माहीत आहे. पण द्राक्षाचा अनुभव इतका वाईट नाही. महाग्रेप्स १९९१ पासून आहे. दिंडोरी तालुक्यात मोहाडीला सह्याद्री फार्म्स शेतकऱ्यांच्याच मालकीची कंपनी आहे आणि देशातल्या मोठ्या द्राक्ष निर्यातदारांत तिची गणना होते. कुठल्या बागेतला कुठला घड कुठल्या डब्यात गेला हे युरोपच्या ग्राहकाला सांगण्याची यंत्रणा आपल्याकडे खाण्याच्या द्राक्षांसाठी आहेच. डेटाबेसचं काम आहे, अवघड नाही. वाईनसाठी तीच यंत्रणा का नको?

२७ जानेवारी २०२२ ला राज्य मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांवरच्या दुकानांत वाईन विकायला परवानगी द्यायचा निर्णय घेतला, शेतकऱ्यांच्या भल्यासाठी म्हणून. केवढा गदारोळ झाला! वाईन म्हणजे दारू की नाही यावर टीव्हीवर आठवडा गेला, उपोषणाचे इशारे झाले आणि निर्णय अमलात आलाच नाही. त्या सगळ्या गोंधळात, ज्या बाटल्या फळीवर ठेवायच्या होत्या त्यातल्या किती शेतकऱ्यांच्या मालकीच्या, हे ना बाजूच्यांनी विचारलं ना विरोधकांनी. सुपरमार्केट राहू द्या. वर्षाला अमुक लिटरच्या आत बनवणाऱ्या शेतकरी गटाला नाममात्र परवाना फी आणि आपल्या बांधावर बाटली विकायची मुभा, एवढं केलं तरी पुष्कळ होईल. इटलीने शेतावरच्या पाहुणचारासाठी १९८५ मध्येच कायदा केला, आणि आपल्याकडे गंगापूर रोडवर शनिवारी मुंबईच्या गाड्यांची रांग लागते ती काय धरण बघायला?

परवा मामाला हे सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि अटी घातल्या. दोन एकर नाही, वीस गुंठे. काढणीची तारीख आधी कागदावर. आठ दिवस गाडी आली नाही तर पैसे तरी. निम्मी रक्कम गोडी छाटणीच्या वेळी. आणि सोसायटीच्या मीटिंगा रात्री, कारण दिवसा बागेत औषध मारायचं असतं.