परतीचे तिकीट आणि सव्वा महिना

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या बडोद्यातील मराठी घरांच्या बाळंतपणाच्या पंचांगात एका नव्या दिवसाची भर पडली आहे. डोहाळजेवण, पाचवी, बारसे, सव्वा महिना हे दिवस पूर्वीपासून होतेच. आता त्यांच्या पंक्तीस परतीच्या तिकिटाचा दिवस येऊन बसला आहे. मुलगी दुबईस, मस्कतला, लंडनला किंवा न्यू जर्सीत नांदत असते. पहिल्या खेपेस ती माहेरी येते आणि येतानाच परतीची तारीख ठरवून येते. मूल जन्मण्यापूर्वीच त्याच्या प्रवासाचा मुहूर्त निघालेला असतो. मग विसाव्या-पंचविसाव्या दिवशी आजोबा दवाखान्यात येतात. बरोबर बाळ असतेच असे नाही. “डॉक्टरसाहेब, पुढच्या गुरुवारी निघायचंय. बाळ ठणठणीत आहे, तेवढं विमान कंपनीसाठी लिहून द्या,” असे ते सांगतात.

ही मागणी इतकी नित्याची झाली आहे की, तीत काही विचार करण्याजोगे आहे असे ना त्यांना वाटते, ना पुष्कळदा आपणा डॉक्टरांना. स्मरणिकेच्या निमित्ताने तो विचार मांडावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. माझे मत आरंभीच स्पष्ट करतो. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाने आणि त्याच्या आईने परदेशचा लांबचा प्रवास सहा आठवडे पूर्ण झाल्यावर, दोघांची तपासणी व बाळाची त्या वेळची लस झाल्यावरच करावा. तिकीट त्या तपासणीच्या हिशेबाने काढावे. आणि बाळास प्रत्यक्ष न पाहता चिठ्ठी देणे आपण सर्वांनी बंद करावे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. “विमान कंपनी तर सात दिवसांच्या बाळालाही नेते!” हे खरे आहे. जन्मानंतरच्या पहिल्या ४८ तासांत बाळाने विमानप्रवास करू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कंपन्यांपैकी काही सात दिवसांची, तर काही चौदा दिवसांची मर्यादा घालतात. परंतु हा नियम कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे पाहिले पाहिजे. पुढील चौदा-पंधरा तासांत हे मूल विमानात अत्यवस्थ होईल काय, एवढाच कंपनीचा प्रश्न आहे आणि तिच्यापुरता तो रास्तही आहे. पुढील सहा आठवड्यांत या मुलात काय प्रकट होईल आणि ते कोणाच्या दृष्टीस पडेल, हा प्रश्न कंपनीचा नव्हे. तो आईवडिलांचा आणि आपला आहे.

विमानाला उगाच खलनायक ठरविण्याचे मात्र कारण नाही. उड्डाणात केबिनमधील हवेचा दाब समुद्रसपाटीपासून सुमारे ६००० ते ८००० फूट उंचीवरील दाबाइतका असतो. वरच्या मर्यादेस तेथील श्वास म्हणजे जमिनीवर २१ टक्क्यांऐवजी सुमारे १५ टक्के प्राणवायू असलेल्या हवेतील श्वास होय. निरोगी बाळ हे बहुधा सहज सोसते. विमान उतरताना कानांत दडे बसतात, त्यास अंगावर पाजणे हा साधा आणि उत्तम उपाय आहे. जे मूल अपुऱ्या दिवसांचे आहे, ज्याला जन्मतः प्राणवायू द्यावा लागला आहे, ज्याच्या हृदयात वा फुप्फुसात दोष आहे, त्याच्यासाठी मात्र हीच विरळ हवा घातक ठरू शकते. अडचण अशी की, कोणते मूल कोणत्या गटातले, हे विसाव्या दिवशी नेहमीच कळलेले नसते.

जन्मानंतरचे पहिले दोन महिने हा दडलेले दोष उघडे पडण्याचा काळ आहे. हृदयाच्या दोन कप्प्यांमधील पडद्यास मोठे छिद्र असलेले मूल जन्मतः गुटगुटीत दिसते, कारण फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांचा दाब तेव्हा जास्त असतो. तो चौथ्या ते आठव्या आठवड्यापर्यंत उतरत जातो, आणि मग मूल दूध पिताना धापा टाकते, कपाळावर घाम येतो, वजन थांबते. जठराचे तोंड आकुंचित झाल्यामुळे होणाऱ्या जोरकस उलट्या बहुधा तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात सुरू होतात. कावीळ तर आपल्याकडे ‘सगळ्यांनाच होते’ म्हणून सोडून दिली जाते. ती चौदा दिवसांनंतरही टिकली आणि शी पांढुरकी होऊ लागली, तर पित्तनलिका बंद असण्याची शंका घेऊन तातडीने तपासावे लागते. शस्त्रक्रिया शक्यतो साठ दिवसांच्या आत झाली तर यशाची आशा अधिक. आता असे मूल विसाव्या दिवशी येथून निघाले, पंचविसाव्या दिवशी नव्या घरी रुळू लागले, तेथील डॉक्टरांकडे नाव नोंदवून वेळ मिळेपर्यंत चाळिसावा दिवस उजाडला, असे समजा. शीचा रंग बदलला, हे आजीच्या लक्षात आले असते. परंतु आजी येथे राहिली आणि मूल तेथे गेले.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांबाबत तर तारखेचे महत्त्व याहूनही कठोर आहे. चौतीस आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा तिसाव्या दिवसाच्या आत नेत्रतज्ज्ञांकडून तपासून घ्यावा लागतो. फारच लहान बाळांचा त्याहूनही आधी. पडद्यावर विकृत रक्तवाहिन्या वाढत असतील तर अवघ्या काही दिवसांत लेसर किंवा इंजेक्शन द्यावे लागते. ती वेळ टळली तर आयुष्यभराचे अंधत्व येऊ शकते. माझ्याकडे आलेल्या अशाच एका कुटुंबाचे तिकीट अठ्ठाविसाव्या दिवसाचे होते. बाळ दूध पीत होते, वजन वाढत होते, त्यामुळे डोळ्यांची तपासणी ‘तिकडे गेल्यावर’ करू, असा त्यांचा बेत होता. पुष्कळ समजावल्यावर त्यांनी तिकीट पुढे ढकलले, दंड भरला आणि माझ्यावर काहीसा रागही धरला. तपासणीत दोष निघाला, लेसर झाले. आज ते मूल शाळेत फळ्यावरचे वाचते. दंडाची रक्कम किती होती, हे आता त्या घरात कोणास आठवतही नसेल.

आणखी एक गोष्ट. तीन महिन्यांच्या आतील बाळास ३८ अंश सेल्सियस, म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइट ताप आला, तर तो ‘साधा ताप’ नसतो. त्याच दिवशी रुग्णालयात दाखवावे लागते. महिन्याच्या आतील बाळाच्या बाबतीत तर बहुधा दाखल करून रक्ताची, लघवीची, प्रसंगी पाठीतील पाण्याची तपासणी करावी लागते. बडोद्याहून गाडीने अहमदाबाद वा मुंबई गाठायची, तीन तास आधी विमानतळावर हजर व्हायचे, मध्ये एक थांबा घेऊन अमेरिकेस पोहोचायचे, हा दारापासून दारापर्यंत अठ्ठावीस-तीस तासांचा प्रवास असतो. त्यात शेकडो अनोळखी माणसांचा सहवास आणि बाळाचे अंग मात्र लसीविना. डांग्या खोकला, घटसर्प, धनुर्वात यांची लस सहा आठवड्यांआधी देताच येत नाही. सहाव्या आठवड्याच्या एका डोसाने पूर्ण संरक्षण मिळत नाही हे खरे, पण आरंभ तरी होतो. तोवर बाळाचा आधार म्हणजे आईने गरोदरपणाच्या २७ ते ३६ आठवड्यांत घेतलेली लस; ती किती जणींना मिळते, याचा विचार आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञ बंधुभगिनींनी जरूर करावा.

आतापर्यंत बाळाविषयीच लिहिले. सगळे घरही बाळाविषयीच बोलत असते. बाळंतिणीचे काय? बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे हा पायातील शिरांत रक्त साकळण्याच्या दृष्टीने सर्वांत जोखमीचा काळ असतो, आणि सिझेरियन झाले असेल तर ही जोखीम अधिक. चार तासांहून अधिक काळ बसून केलेल्या प्रवासाने असा धोका सुमारे दुपटीने वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळले होते. या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे काय होते, ते डॉक्टरांस सांगावयास नको. मांडीवर बाळ असल्याने ती उठत नाही, स्वच्छतागृहात जावे लागू नये म्हणून पाणी पीत नाही, आणि पाय सुजले तर ‘ओल्या बाळंतिणीचे पाय सुजायचेच’ म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. आपल्या देशातील कायद्यानेही प्रसूतीनंतरचे सहा आठवडे स्त्रीला कामावर ठेवण्यास मालकास मनाई केली आहे. ज्या काळात कायदा तिला कामावर जाऊ देत नाही, त्याच काळात आपण तिच्याकडून बाळासह सातासमुद्रापलीकडचा प्रवास करवतो.

ही घाई कुटुंबे हौसेने करतात, असे मात्र मी मानीत नाही. भारतात २०१७ पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. संयुक्त अरब अमिरातीत खासगी नोकरीतील स्त्रीला ६० दिवस मिळतात, त्यांतही शेवटचे पंधरा अर्ध्या पगाराचे. अमेरिकेत १९९३ च्या कायद्याने पात्र नोकरदारांना बारा आठवडे मिळतात, तेही बिनपगारी. नोकरी जाईल, ही भीती खोटी नसते. शिवाय तिकडे एकटा राहिलेला बाप असतो. आपल्या पहिल्या मुलास त्याने केवळ फोनच्या पडद्यावर पाहिलेले असते. पतीपासून दूर, माहेरच्या माणसांच्या गराड्यातही खिन्न होत जाणारी बाळंतीण मी पाहिली आहे. तिला सहा महिने अडकवून ठेवणे हाही उपचार नव्हे. म्हणून “वर्षाचं होऊ दे, मग ने” असे म्हणणाऱ्या आजीचेही मी समर्थन करीत नाही. सहा ते आठ आठवडे, एवढेच माझे मागणे आहे. साठ दिवसांच्या रजेतही ते बसू शकते. जेथे बसत नाही, तेथे बापाने रजा काढून इकडे यावे. बाळास त्याच्याकडे पाठविण्यापेक्षा त्याने बाळाकडे येणे केव्हाही सोपे आहे.

आपल्या जुन्या बायकांनी घातलेला सव्वा महिन्याचा दंडक आणि वैद्यकशास्त्राचे सहा आठवडे यांत अवघ्या काही दिवसांचे अंतर आहे. बाळंतिणीस विसावा, पोटभर सकस अन्न, घरात गर्दी नाही, बाळ सतत जाणत्या नजरेखाली, हे त्या दंडकातील सार आहे आणि ते आजही टाकाऊ नाही. त्याबरोबर चालत आलेली धुरी, डोळ्यांत काजळ, उगाळून चाटविलेली गुटी आणि बंद खिडक्या हे मात्र खुशाल टाकावे. गंमत अशी की, आधुनिक म्हणविणारी आपली घरे अनेकदा याच्या नेमके उलट वागतात: गुटी बाळाबरोबर परदेशी जाते आणि विसावा येथेच राहतो.

कागदपत्रांच्या बाजूने पाहिले तरी घाईस फारसा अर्थ नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत करावयाची असते. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. त्यावर बाळाचे नाव आणि आईवडिलांच्या नावांची अक्षरे त्यांच्या पासपोर्टप्रमाणेच हवीत. एक अक्षर चुकले तर हेलपाटे सुरू होतात. नंतर व्हिसा. एवढे होईतो सहा आठवडे बहुधा जातातच. तेव्हा आधी दाखला, मग पासपोर्ट व व्हिसा, मग तपासणी आणि शेवटी तिकीट, असा क्रम ठेवला तर धावपळही टळते आणि पैसाही वाचतो. नव्या देशात बाळाचा आरोग्यविमा पहिल्या दिवसापासून लागू आहे ना, हेही निघण्यापूर्वी पाहावे.

राहता राहिले आपले कर्तव्य. ‘फिट टू फ्लाय’ची चिठ्ठी हे शेजारधर्माचे सौजन्य नसून वैद्यकीय दाखला आहे. ती देण्यापूर्वी बाळास उघडे करून तपासावे. हृदयाचे ठोके ऐकावेत, मांडीतील नाडी हाताला लागते ना ते पाहावे, वजनाची चढण पाहावी, शीचा रंग विचारावा. जन्मवेळचे वजन, आताचे वजन, दिलेल्या लशी व पुढील तारखा, झालेल्या आणि राहिलेल्या तपासण्या एका कागदावर स्वच्छ लिहून तेथील डॉक्टरांसाठी द्याव्यात. तेथील लसीकरणाचे वेळापत्रक आपल्याहून निराळे असते आणि क्षयाची लस अनेक देशांत सर्व बाळांना देत नाहीत. बाळंतिणीसाठी तिच्या डॉक्टरांचे स्वतंत्र मत घ्यावे. आणि बाळ विमानात रडू नये म्हणून झोपेचे औषध मागितले, तर निक्षून नकार द्यावा. प्रोमेथाझिन दोन वर्षांखालील मुलांना देऊ नये, कारण त्याने श्वास मंदावून मृत्यू ओढवू शकतो, असा इशारा अमेरिकेत २००४ मध्येच त्या औषधावर छापण्यात आला. विमानात बाळ रडले तर सहप्रवाशांची झोप मोडेल, एवढेच.

हे काम एकट्यादुकट्याने होणारे नाही. मी चिठ्ठी नाकारली आणि दोन चौक पलीकडच्या दवाखान्यात ती मिळाली, तर माझ्या नकारास अर्थ उरत नाही. उलट मी आडमुठा ठरतो. म्हणून आपल्या मंडळाने एकमताने एवढा शिरस्ता पाडावा, अशी माझी विनंती आहे. आणि प्रसूतीपूर्वीच्या भेटींत आपण स्त्रीरोगतज्ज्ञांनी व बालरोगतज्ज्ञांनी होऊ घातलेल्या आईवडिलांना, आजीआजोबांना एक प्रश्न आवर्जून विचारावा: परतीचे तिकीट काढले आहे काय? काढले नसेल तर थांबा म्हणावे, आणि काढले असेल तर त्याची तारीख बदलता येते काय, याची चौकशी त्याच दिवशी करण्यास सांगावे.