सैरंध्रीच्या मनोऱ्यावरून काय पाहावे?

मंडळी, गडकोटांना आज जरा विसावा देऊ आणि केरळच्या एका अरण्यात जाऊ. पालक्काड जिल्ह्यातील सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यान. स्वतःचे वाहन मुक्कालीलाच ठेवावे लागते. तेथून वनखात्याच्या जीपने सदाहरित वर्षावनातून सुमारे २३ किलोमीटर गेले की सैरंध्री येते. विराटाच्या घरी अज्ञातवासात द्रौपदीने धारण केलेले हेच नाव. खालच्या नदीला कुंतीचे नाव आहे : कुंतीपुळा.

येथील निरीक्षण मनोऱ्यावर चढून बहुतेक पर्यटक सिंहपुच्छ वानर शोधतात आणि ते दिसले नाही की हिरमुसतात. माझे म्हणणे असे, की आधी नदीकडे पाहावे. कारण धरण येथेच होणार होते.

ही जागा इंग्रजी अमदानीत, १९२८ सालीच हेरली गेली होती. १९७३ मध्ये नियोजन आयोगाने प्रकल्पाला मान्यता दिली : पहिल्या टप्प्यात १२० मेगावॅट वीज, शिवाय सिंचन. मलबारचा भाग विजेच्या बाबतीत मागे होता, हे खरेच होते. धरण मागणारे खलनायक नव्हते, हे येथे नोंदवणे मला आवश्यक वाटते.

त्यांचा युक्तिवादही वरवर बिनतोड होता. सुमारे ८,९५२ हेक्टरांपैकी बुडणार केवळ ८३० हेक्टर, म्हणजे दहावा हिस्साही नाही! पण अरण्य हे कापडाच्या ताग्यासारखे मोजून फाडता येत नाही. बुडणारा भाग नदीकाठचा, दरीच्या तळाचा होता.

आता या इतिहासातील मला सर्वांत बोधक वाटणारे पान. केंद्राच्या पर्यावरण समितीने एक कृतिगट नेमला. त्याचे प्रमुख होते मुंबईचे निसर्गअभ्यासक जफर फतेहअली. गटाने प्रकल्प सोडून द्यावा असे सुचवले. मात्र करणे अटळच असेल तर १७ दक्षता घ्याव्यात, अशी पुस्तीही जोडली. राज्य सरकारने पुस्ती उचलली आणि मुख्य शिफारस बाजूला ठेवली. इतिहासाची कागदपत्रे वाचणाऱ्यांनी हा ‘असेल तर’ अधोरेखित करून ठेवावा.

पुढचे काम शिक्षकांनी केले. केरळ शास्त्र साहित्य परिषदेने प्रकल्पाचे तांत्रिक, आर्थिक आणि सामाजिक मूल्यमापन प्रसिद्ध केले, गावोगाव सभा घेतल्या. सुगतकुमारींसारख्या कवयित्री त्यात उतरल्या, सालिम अलींनी आपले वजन खर्ची घातले. वाद ‘माकडे की माणसे’ अशा थट्टेच्या पातळीवरही नेला गेला. अखेर एम. जी. के. मेनन समितीच्या अहवालानंतर १९८३ मध्ये प्रकल्प रद्द झाला, १५ नोव्हेंबर १९८४ रोजी राष्ट्रीय उद्यान अधिसूचित झाले आणि ७ सप्टेंबर १९८५ रोजी राजीव गांधींनी त्याचे उद्घाटन केले. ज्यांच्या निर्णयाने ते वाचले, त्या इंदिरा गांधी तोवर हयात नव्हत्या.

म्हणूनच पर्यटनाच्या जाहिरातींतला ‘अस्पर्श अरण्य’ हा शब्द मला खटकतो. हे अरण्य १९१४ पासून राखीव होते आणि तेथे अनेक वर्षे निवडक वृक्षतोडही झाली. ‘अस्पर्श’ म्हटले की ही तोड पुसली जाते, आणि ती सभा घेणारी माणसेही. शिवाय ज्या जंगलांवर कुऱ्हाडीच्या खुणा आहेत ती वाचवण्याच्या लायकीची नाहीत, असाही अर्थ त्यातून नकळत निघतो. सह्याद्रीतले किती जंगल मग उरेल?

आणि हा विषय १९८४ साली मिटला, असेही समजू नका. या शतकाच्या आरंभी उद्यानाच्या सीमेबाहेर, त्याच नदीवर, पात्रक्कडवू येथे नव्या धरणाचा प्रस्ताव आला. २००७ मध्ये भोवतालचे १४८ चौरस किलोमीटर क्षेत्र संरक्षक पट्टा म्हणून जोडले गेले, ते या वादानंतर.

मनोऱ्यावरून खाली उतरलात की नदीपर्यंत पायवाट जाते. दीडेक किलोमीटरची आहे. तेवढी चालाच.