खालाचे ताट

गेल्या महिन्यात तास संपल्यावर नववीतली एक मुलगी मागे थांबली. "सर, आमच्या खालाजानना गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर झालाय. घरात त्यांचं ताट, पेला वेगळा केलाय. तसं करावं लागतं का?" आम्ही लगेच नाही म्हणालो. पण नुसत्या 'नाही'ने घरची मोठी माणसे ऐकत नाहीत, म्हणून कारण लिहितो.

आपल्या जवळपास प्रत्येक पेशीच्या केंद्रकात डीएनए असतो. पेशी दुभंगण्यापूर्वी त्याची हुबेहूब नक्कल व्हावी लागते. सर्वांत मोठ्या गुणसूत्रावर सुमारे 25 कोटी अक्षरे आहेत आणि नक्कल सेकंदाला साधारण 50 अक्षरे या वेगाने पुढे सरकते. एका टोकापासून सुरुवात केली तर दोन महिने जातील. प्रत्यक्षात आठेक तासांत काम उरकते, कारण केंद्रकात हजारो ठिकाणी ते सुरू होते. त्या जागांवर आधीच एमसीएम नावाच्या प्रथिनांची कडी बसवलेली असते. शास्त्रज्ञ याला परवानाच म्हणतात. परवाना एकदा वापरला की पेशी दुभंगेपर्यंत नवा मिळत नाही, म्हणजे एकाच मजकुराची दोनदा नक्कल होत नाही.

पण परवाना असला तरी हुकूम लागतो. तोवर आरबी नावाचे प्रथिन दारावर पहारा देते. गरज असेल तेव्हाच ते बाजूला होते.

बहुतेक कॅन्सरमध्ये हा पहाराच कुठे ना कुठे मोडलेला असतो. 1951 साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या पाच मुलांच्या आईच्या गाठीतून पेशी घेतल्या गेल्या, तिला न विचारता. त्याच वर्षी, 31 व्या वर्षी, ती वारली. पेशी मात्र जगभरच्या प्रयोगशाळांत आजही वाढताहेत. साधारण दिवसभरात दुप्पट होतात. तिचाही आजार गर्भाशयमुखाचाच. त्या पेशींत एचपीव्ही विषाणूचा 18 क्रमांकाचा प्रकार सापडला. त्याचे ई-7 हे प्रथिन आरबीला पकडून नष्ट करते. पहारेकरी गेला, की हुकमाशिवायच नक्कल सुरू. घाईत चुका होतात, धागे तुटतात, त्यातून पेशी आणखी बिघडते. अशा रुग्णांना बहुधा दिले जाणारे सिस्प्लॅटिन हे औषध डीएनएला चिकटून नक्कलच अडवते.

म्हणजे बिघाड त्या बाईच्या स्वतःच्या पेशीच्या केंद्रकात आहे. तो जेवणातून, कपड्यांतून, पेल्यातून दुसऱ्याकडे जात नाही. विषाणू पसरतो तो शरीरसंबंधातून. (हे आम्ही मुलीला सांगितले नाही, इथे मोठ्यांसाठी लिहितो.) तो पतीकडूनही येतो, त्यामुळे बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवणाऱ्यांनी जीभ आवरावी. बहुतेक बायकांत तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. राहिला, तर कॅन्सर व्हायला पुष्कळ वर्षे लागतात, आणि तेवढीच वर्षे तपासणीला मिळतात. तिशीनंतर सरकारी दवाखान्यात व्हिनेगरसारखे द्रावण लावून तपासतात, काही मिनिटांचे काम. 9 ते 14 वर्षांच्या मुलींसाठी लसही आहे. दुआ करावीच, पण अंगावरून रक्त जात असताना घरात लपवून बसू नये. खालाजाननी सहा महिने लपवले होते.

परवा ती मुलगी पुन्हा भेटली. ताट आता सगळ्यांच्या ताटांत आहे म्हणाली. पेला अजून वेगळाच.