औषधाच्या मुळावर उठलेली मागणी

सफेद मुसळीचे शास्त्रीय नाव 'क्लोरोफायटम बोरिविलिॲनम' असे आहे. त्यातले 'बोरिविलि' म्हणजे पश्चिम रेल्वेवरचे बोरिवली. सेंट झेवियर्स महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाव आणि त्यांचे सहकारी फर्नांडिस यांनी १९५०च्या दशकात या वनस्पतीची नवी जात म्हणून नोंद केली आणि तिला उपनगराचे नाव दिले. आज बोरिवलीतल्या कोणत्याही औषधाच्या दुकानात मुसळीची कॅप्सूल, चूर्ण किंवा पाक मिळतो. जंगलात मात्र ती शोधावी लागते.

जंगलातली वनस्पती कमी होणे हा निसर्गप्रेमींचा विषय आणि आजार हा डॉक्टरांचा, अशी एक सोयीची वाटणी केली जाते. ती खरी नाही. ओरबाडून संपत आलेल्या औषधी वनस्पतीची किंमत शेवटी रुग्णच मोजतो. कधी भेसळीच्या रूपात, कधी महाग औषधाच्या, तर कधी न सापडलेल्या औषधाच्या रूपात.

प्रश्नाचा आवाका मोठा आहे. जैवविविधतेवर काम करणाऱ्या 'आयपीबीईएस' या आंतरराष्ट्रीय व्यासपीठाने जुलै २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगभरात सुमारे ५०,००० वन्य जाती माणसाच्या वापरात आहेत. भारतात राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळासाठी झालेल्या पाहणीत १,१७८ औषधी वनस्पती व्यापारात आढळल्या. त्यांपैकी २४२ जातींची मागणी वर्षाला प्रत्येकी १०० टनांहून अधिक आहे. यातल्या थोड्याच शेतात पिकतात. बाकीच्या जंगल, माळरान आणि बांधांवरून येतात.

पाने खुडणे आणि कंद खणणे

पावसाळ्यात आदिवासी महिला उपनगरांच्या बाजारात ज्या रानभाज्या आणतात, त्यांत कुळी किंवा फोडशी असते. ती याच क्लोरोफायटम कुळाची कोवळी पाने. पाने खुडली तरी जमिनीखालचा कंद शाबूत राहतो आणि पुढच्या पावसात रोप पुन्हा डोके वर काढते. औषधासाठी मात्र मुळेच लागतात.

मुसळी पहिल्या पावसानंतर उगवते, पांढरी फुले येतात, बी धरते आणि पावसाळा सरताना पाने वाळून जातात. बी पडून गेल्यावर, मुळे पक्व झाल्यावर ती काढायला हवीत. पण पाने वाळली की रोप कुठे होते हेच कळत नाही. म्हणून जंगलात खणणारा पाने हिरवी असतानाच खणतो. परिणामी मूळ कच्चे निघते आणि बी पडायच्या आतच रोप जाते. त्यात या बियांची उगवणही कमी. वरचा डोळ्याचा भाग एक-दोन मुळांसह पुन्हा मातीत खोचला तर रोप जगते. पण ज्याला वजनावर पैसे मिळतात आणि आपण सोडलेले रोप उद्या दुसरा खणून नेईल हे ज्याला ठाऊक आहे, तो हे का करील?

लागवड हा उपाय आहे आणि महाराष्ट्रासह अनेक राज्यांत ती होतेही. मात्र चढा भाव ऐकून मुसळी लावलेल्या आणि खरेदीची हमी नसल्याने हात पोळलेल्या शेतकऱ्यांची संख्याही कमी नाही. शेतातल्या मुसळीला बियाणे, मशागत, मजुरी यांचा खर्च येतो. जंगलातल्या मुसळीला फक्त खणण्याची मेहनत लागते. हा फरक आहे तोवर जंगलावरचा ताण कमी होणार नाही.

डबीत नेमके काय?

माल कमी आणि मागणी जास्त झाली की भेसळ होते. मुसळीच्या नावाखाली शतावरीची किंवा क्लोरोफायटमच्या इतर जातींची मुळे विकली जातात. सोललेले, वाळलेले मूळ पाहून फरक ओळखणे अवघड आणि चूर्ण झाल्यावर तर प्रयोगशाळेशिवाय अशक्य. शतावरीने सहसा अपाय होत नाही, पण चूक प्रत्येक वेळी इतकी निरुपद्रवी नसते. बेल्जियममध्ये १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला वजन घटवण्याच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीऐवजी ॲरिस्टोलोकिया ही विषारी वनस्पती गेली. शंभरावर महिलांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. तिथे कारण टंचाई नव्हते, नावातला घोळ होता. मात्र वनस्पती बदलली की काय होऊ शकते, हे त्यातून दिसले.

'शक्तिवर्धक' उत्पादनांत आणखी एक धोका असतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ ते २०१६ या काळात पकडलेल्या ७७६ भेसळयुक्त पूरक उत्पादनांपैकी जवळपास निम्मी लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा करणारी होती. त्यांत प्रामुख्याने सिल्डेनाफिल किंवा त्याच्या जातीची रसायने लेबलवर न लिहिता घातलेली होती. ही सारी मुसळीची उत्पादने होती असे नव्हे, पण बाजार तोच आहे. छातीत दुखते म्हणून जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्या रुग्णाने 'निव्वळ वनौषधी' समजून असे काही घेतले, तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो.

मुसळीच्या गुणांचा पुरावाही तपासून पाहायला हवा. उंदरांवरील प्रयोगांत काही परिणाम दिसले आहेत, परंतु माणसांवरील मोठ्या, काटेकोर चाचण्यांचा आधार तुटपुंजा आहे. शिवाय पुरुषांतील लैंगिक दुर्बलता हे अनेकदा मधुमेहाचे किंवा रक्तवाहिन्या अरुंद होत असल्याचे लक्षण असते. हृदयविकाराच्या काही वर्षे आधी शरीराने दिलेला तो इशारा असू शकतो. लाजेपोटी परस्पर कॅप्सूल घेण्यात हीच वर्षे निघून जातात.

गोरेगाव आणि नरक्या

बोरिवलीपासून काही स्थानके अलीकडे गोरेगाव लागते. सह्याद्रीतल्या दुसऱ्या एका वनस्पतीची गोष्ट इथल्या प्रयोगशाळेत घडली. नंदुरबारला जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात शिकलेले रसायनशास्त्रज्ञ मनसुख वाणी आणि त्यांचे सहकारी मन्रो वॉल यांनी १९६६ मध्ये अमेरिकेत एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी द्रव्य वेगळे केले. गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातील गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी १९७२ मध्ये तेच द्रव्य सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात असल्याचे दाखवले. याच द्रव्यापासून तयार झालेली टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधे १९९६ मध्ये अमेरिकेत मान्य झाली. अंडाशयाच्या आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर ती आज जगभर वापरली जातात.

मुसळीच्या बाबतीत पुरावा तुटपुंजा असला, तरी नरक्याच्या बाबतीत तो भक्कम आहे. झाडाचे नशीब मात्र तेच. वाळलेल्या लाकडात हे द्रव्य साधारणपणे शेकडा अर्धा भागही नसते. त्यामुळे किलोभर द्रव्यासाठी शेकडो किलो लाकूड लागते. बुंध्यापासून तोडलेले झाड फुटू शकते, मुळासकट उपटलेले नाही. सिंधुदुर्गातील दोडामार्गसारख्या भागांतून बेकायदा तोडीच्या बातम्या आल्या आहेत. नरक्याच्या प्रत्येक झाडात द्रव्याचे प्रमाण सारखे नसते. काही झाडांत ते इतरांच्या कितीतरी पट असते. लागवडीसाठी हवीत ती हीच झाडे. सरसकट तोडीत तीही सरपणासारखी जातात. जैवविविधता गमावणे म्हणजे काय, याचे याहून नेमके उदाहरण सापडणार नाही.

मार्ग नाही असे नाही. वाणी आणि वॉल यांनीच शोधलेले पॅक्लिटॅक्सेल सुरुवातीला 'यू' वृक्षाच्या सालीतून काढत, आणि साल सोलली की झाड मरे. पुढे युरोपातल्या दुसऱ्या जातीच्या पानांपासून आणि नंतर टाक्यांत वाढवलेल्या वनस्पतिपेशींपासून ते बनू लागले. झाडाऐवजी पान वापरता आले आणि स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांना औषध मिळत राहिले.

कायदा आणि ग्राहक

जैविक विविधता कायदा २००२ मध्ये आला आणि २०२३ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. लागवड केलेल्या औषधी वनस्पतींना लाभवाटपाच्या अटींतून सूट मिळाली, मात्र त्यासाठी स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समितीचा उगम-दाखला लागतो. कायद्यातील तुरुंगवासाची शिक्षा जाऊन दंड आला. सूट शेतीला चालना देऊ शकते. पण दाखला देणारी समिती कागदावरच असेल, तर जंगलातून खणलेले मूळ शेतातले म्हणून सहज खपेल. या समित्या प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत असणे बंधनकारक आहे. त्या काम करतात का, हे नागरिकांनी विचारायला हवे.

ग्राहकाच्या हातीही काही गोष्टी आहेत. डबीवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव, परवाना क्रमांक आणि उत्पादकाचा पत्ता नसेल तर ती घेऊ नये. 'एका तासात गुण' असा दावा करणाऱ्या वनौषधीपासून लांबच राहावे. घेत असलेले प्रत्येक चूर्ण आणि काढा डॉक्टरांना सांगावा, विशेषतः हृदयविकार, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर. रानभाजी विकणाऱ्या बाईकडून कुळीची जुडी खुशाल घ्यावी. तिने पाने खुडली आहेत, पुढच्या पावसाळ्यासाठी कंद मागे ठेवला आहे. औषधाच्या व्यापारानेही एवढे केले तरी पुरे.